पट्टीचा जखमी

मी डोक्याला पट्टी बांधलेला पिवळा चेहरा बोलतोय. तुमच्या मोबाइलमधल्या तोंडांच्या गर्दीतला. कधी पडलो नाही, कुणी ढकललं नाही. जन्मलो तोच पट्टी बांधून. लोक पट्टीचे गायक असतात, मी पट्टीचा जखमी.

खरं तर मी चित्रही नाही, एक क्रमांक आहे. तुम्ही मला पाठवता तेव्हा तेवढा क्रमांक जातो आणि पलीकडचा फोन त्याच्याजवळचं माझं चित्र दाखवतो. म्हणून एका फोनवर मी रडवेला, दुसऱ्यावर नुसताच वैतागलेला. फार जुन्या फोनकडे माझं चित्रच नसतं. तिथे रिकामा चौकोन उमटतो.

माझा अर्थ, डोक्याला मार लागलाय. पण अर्थ विचारतो कोण? दिवे-पंखे बसवणाऱ्या एका कंपनीच्या ग्रुपवर मी वर्षानुवर्षं राबलो. सुपरवायझर पार्टीच्या दुसऱ्या दिवशी मला पाठवायचे, स्टोअरकीपर मॅच हरल्यावर. मार कुणालाच नसायचा.

एका सकाळी त्यांचा वायरमन बंद दुकानात एकटाच काम करताना शिडीवरून पडला. शिडी डुगडुगते, असं त्यानं ग्रुपवर आधीच कळवलं होतं. सुपरवायझरनी उत्तरादाखल अंगठा दाखवला होता. आता त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती, लिहिता येईना. बोटाखाली मी सापडलो. त्यानं मला ग्रुपवर टाकलं.

सुपरवायझरनी लिहिलं, "काल जास्त झाली वाटतं."

स्टोअरकीपरनं लिहिलं, "लिंबूपाणी घे, गड्या."

पाठोपाठ हसून लोळणारे माझे भाऊबंद आले. जन्मात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो.

मग त्यानं मला थोरल्या बहिणीला पाठवलं. ती कपडे शिवते, फोन जुनाट. तिला चौकोन दिसला. तिनं मशीन थांबवून फोन लावला.

"अरे, नुसता चौकोन आलाय. काय पाठवलंस?"

"तोंड... पट्टीचं."

"कुणाचं तोंड?"

"ताई, माझं."

"हलू नकोस. दुकान कुठलं, तेवढं सांग."

ती शेजाऱ्याची गाडी घेऊन पोचली. टाके पडले. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

बातमी कळल्यावर ग्रुपवर माझा पूर आला. 'काळजी घे' आणि मी, 'काळजी घे' आणि मी. फोन एकाचाही नाही. ताईनं भावाच्या फोनवरून लिहिलं, "तोंडं पुरे झाली. शिडी बदला."

नवी शिडी आली. सुपरवायझरनी तिचा फोटो टाकला आणि खाली स्वतःच टाळ्या वाजवल्या. वायरमन बरा झाला आणि दुसरीकडे कामाला लागला.

हल्ली त्या ग्रुपवर मला कुणी हात लावत नाही. शरम वाटते म्हणे. पार्टीनंतर सुपरवायझर आता हिरव्या तोंडाच्या माझ्या भावाला राबवतात.

मला टाळू नका हो. मॅच हरलात, डोकं दुखलं, खुशाल बोलवा. फक्त मी एकटाच आलो, सोबत एकही शब्द नसला, तर हसण्याआधी फोन लावा. मला नुसतं डोकं आहे; हात तुम्हाला आहेत.