सांडूचं कार्ड, कय्युमचे ठोके

"टोपी काढ अन् थोबाड पुढं कर लवकर," सांडू दबक्या आवाजात म्हणाला. "मागं बस आली."

गेटवरच्या कय्युमने इकडेतिकडे पाहिलं, वॉचमनची टोपी काखेत मारली आणि खांबावरच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. सांडूने बाजूने हात घालून स्वतःचं कार्ड लावलं. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर आकडा आला, शहात्तर. हिरवा दिवा. सांडू ड्युटीला पास झाला.

वाळूजच्या त्या कारखान्यात एकमेकांचं कार्ड लावायची रीत जुनी होती. कुणाला उशीर झाला की दोस्त कार्ड लावायचा आणि साहेबलोक काणाडोळा करायचे. पण दोस्ताच्या काळजाचे ठोके आपल्या नावावर लावायची पाळी येईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते यंत्र दिवाळीनंतर बसलं. अंगाला हात न लावता, नुसतं चेहऱ्याकडे बघून ते नाडी मोजायचं. प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याचा रंग आपल्या डोळ्यांना दिसणार नाही इतका बदलतो आणि कॅमेरा तो टिपतो, असं कामगारांचा विभाग बघणाऱ्या राजनंदिनी मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत समजावलं होतं. "काका, हे तुमच्याच भल्यासाठी आहे." मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या. सांडूला तेच खटकलं. एकवीस वर्षं तो क्रेन चालवत होता, त्याच्या भल्यासाठी कंपनीने वर साधा पंखा बसवला नव्हता. आणि आता थेट काळजात डोकावणार म्हणे! डॉक्टर नाडी बघतो तेव्हा निदान हात तरी मागतो. हे यंत्र विचारतही नव्हतं.

सांडू जन्माचा संशयी. दूधवाल्यासमोर दूध चाखून घेणारा, लग्नपत्रिकेवरची तारीखसुद्धा फोन करून पक्की करणारा. पण या वेळी संशयाला आधार होता. लाल दिवा लागलेले दोघं जण 'विश्रांतीला' म्हणून घरी गेले होते, आणि त्यांना परत बोलावणं आलंच नव्हतं. यंत्रासमोर उभं राहिलं की सांडूला हेच आठवायचं आणि छाती धडधडायला लागायची. पहिल्याच आठवड्यात आकडा लालच्या काठावर गेला. तेव्हापासून त्याच्या जागी कय्युम उभा राहत होता. यंत्राला कार्ड कळायचं, चेहरा कुणाचा ते कळायचं नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी कय्युम उभा राहिला आणि लाल दिवा लागला. ठोके एकशे बेचाळीस, अनियमित.

"झूट बोलती मशीन," कय्युम हसला. "तूच म्हणतो ना, सांडूभाऊ?"

सांडूच म्हणायचा, रोज म्हणायचा. पण कय्युमच्या वरच्या ओठावर घाम होता आणि सकाळ तर अजून गार होती. सांडूने त्याचं मनगट धरलं. नाडी पळत होती, मध्येच अडखळत होती, पुन्हा पळत होती.

"कधीपासून होतंय असं?"

"होतंय थोडं. जिना चढलो का दम लागतो. तू जा अंदर, मी बघून घेतो."

गप्प राहणं सोपं होतं. तोंड उघडलं की दोघांची लबाडी उघडी पडणार आणि दोघांचीही नोकरी जाणार. सांडू मनातून हादरला होता. तरी त्याने मनगट सोडलं नाही.

"चल माझ्यासंगं."

प्रथमोपचाराच्या खोलीत राजनंदिनी मॅडम आल्या. "लाल दिवा तुमच्या नावावर आहे, काका."

"नाव माझं हाय, मॅडम. काळीज याचं हाय. चार महिनं आम्ही असंच करतोय. मला काय बोलायचं ते मागून बोला, आधी गाडी काढा."

गाडी निघाली. आणखी दोन दिवस गेले असते तर हाती काही लागलं नसतं, असं घाटी या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर कय्युमच्या बायकोला, कमरुन्निसाला सांगितलं.

गाडी गेटबाहेर पडल्यावर मॅडम सांडूकडे वळल्या. "पाहिलंत ना? यंत्र खोटं बोलत नाही. आता तुम्ही स्वतः उभे राहा."

दोस्ताला नुकतंच गाडीत आडवं घालून आलेला माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. एकशे अठरा. लाल.

"पंधरा दिवस विश्रांती घ्या, काका. आम्ही फोन करू." लबाडीबद्दल मॅडमनी अवाक्षर काढलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

सांडूने घाटीत जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. काळीज ठणठणीत निघालं. तो कागद त्याने दोनदा गेटवर नेऊन दिला.

आता जून सरत आलाय. कय्युम सुधारलाय, त्याच्या एजन्सीने त्याला दुसऱ्या गेटवर बसवलंय. रविवारी तो हर्सूलला सांडूच्या घरी येतो. सांडूची बायको वच्छलाबाई दोघांना चहा देते, कय्युमला बिनसाखरेचा.

"मला वाचवायला गेला अन् तुझंच..." कय्युम दर वेळी सुरू करतो.

"गप. च्या पी."

फोन वाजतो. दोघंही कप खाली ठेवतात. सिमकार्डच्या कंपनीतली कुणी मुलगी नवी योजना सांगत असते. सांडू तिला तोडत नाही. तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतो, "बरं ताई" म्हणतो आणि फोन पुन्हा दोघांच्या मध्ये उताणा ठेवतो.