सात दिवसांचा पास आणि थोरलीचं गाव

पासाच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं: कुठेही चढा, कुठेही उतरा.

थोरली चहात साखर नको म्हणते, आणि कप हातात आला की चमचा मागते.

कापायच्या टेबलावरची खडूची रेघ पुसली तरी जात नाही. तिरपं बघितलं की दिसते.

शिंप्याला दिलेलं कापड आणि मांजरापुढे ठेवलेलं दूध. हे एका लग्नात, भरल्या टेबलावर, चार माणसांत बोललं गेलं.

आता सगळं नीट सांगायचं तर, दुकान नवराबायकोचं. तो शिंपी, कापतो आणि शिवतो. ती काजं-बटणं करते आणि अस्तर लावते. आठवडाभर दुकानाला कुलूप लावून दोघांनी फिरून यायचं ठरलं होतं. रेल्वेने पर्यटकांसाठी सात दिवसांचा पास काढला होता. तो घ्यावा की लागतील तशी सुटी तिकिटं काढावीत, इथे शिंप्याचं घोडं अडलं होतं.

थोरली म्हणजे बायकोची मोठी बहीण. त्या लग्नासाठी तिने स्वतःचं कापड देऊन शिंप्याकडून कोट शिवून घेतला होता. कोट अंगावर झकास बसला, पण उरलेलं कापड कुठे गेलं, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं आणि वर ते मांजराचं ऐकवलं. टेबल खदखदून हसलं. शिंपीही हसला. बायको मात्र ताटावरून उठली, आणि तेव्हापासून दोघी बहिणींत बोलणं नाही.

कापड कुठे होतं ते बायकोला पक्कं ठाऊक होतं, कारण अस्तर तिनेच लावलं होतं. थोरली तेव्हा आजारातून उठलेली, काडीसारखी झालेली. पुढे अंग भरेल म्हणून शिंप्याने दोन्ही कडेच्या शिवणींत नेहमीपेक्षा जास्त कापड राखलं होतं. पण दुकानाची रीत अशी की राखलेल्या कापडाची गिऱ्हाइकाकडे वाच्यता करायची नाही. तुम्ही जाड व्हाल हो, असं कुणाला तोंडावर सांगायचं? अंग भरलं की ज्याचं त्याला कळतं. त्या दिवशीही शिंप्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. बायकोचा निम्मा राग बहिणीवर होता आणि निम्मा त्या गुळणीवर.

थोरलीचं गाव जंक्शनचं.

शिंप्याने रेल्वेचा नकाशा टेबलावर पसरला, गळ्यातली टेप काढली आणि खडू घेतला. चिंधी वाया गेली की त्याला अन्न गोड लागत नाही, तेव्हा सात दिवसांतला एक तासही वाया जाता कामा नये, हे ओघानेच आलं. त्याने आठवडा असा मांडला की दिवसभर गाडीत, संध्याकाळी दिसेल त्या हॉटेलात, सकाळी पुन्हा गाडीत. समुद्र खिडकीतून, डोंगर खिडकीतून. मधे जेवायला वेळ कुठे आहे, असं बायकोने विचारलं तर म्हणाला, डबा. आपण फिरायला चाललोय की टपाल पोचवायला, असंही तिने विचारलं. त्यावर तो नुसता टेप सरकवत राहिला.

सगळ्या रेघा जंक्शनवरून जात होत्या. खडू तिथून इतक्यांदा फिरला की थोरलीच्या गावाचं नाव पांढऱ्या भुकटीखाली झाकून गेलं. बायको ते बघत होती. शिंप्याला पत्ताच नव्हता.

शेवटी त्याने निकाल दिला. असं पळत राहिलं तरच पास परवडतो. माणसासारखं फिरायचं तर सुटी तिकिटं स्वस्त. मग म्हणाला, "उतरायचं कुठे कुठे ते तू सांग. तेवढीच काढू."

बायको सुईत दोरा ओवत होती. दोरा दोनदा चुकला.

"तिकीट काढलं की उतरावंच लागतं," ती म्हणाली.

"मग? त्यासाठीच तर काढतात."

"पास असला की गाडी थांबल्यावर ठरवता येतं."

शिंप्याने नकाशाकडे बघितलं. मग भुकटीवर हलकेच फुंकर मारली आणि खालचं नाव वाचलं.

"अगं, मग आधी बोलायचंस."

"तुम्ही बोलला होतात का तेव्हा?"

टेप गुंडाळून गळ्यात घालायची सोडून त्याने खिशात घातली.

तिकीट-खिडकीवरचा कारकून भला माणूस होता. एवढ्याशा प्रवासाला पास महाग पडेल, असं त्याने आपणहून सांगितलं. माहीत आहे, शिंपी म्हणाला. थोडं जास्तीचं राखायची सवय आहे आम्हाला. कारकुनाने आणखी डोकं लावलं नाही.

पहिल्यांदा जंक्शन आलं तेव्हा बायको संत्रं सोलत बसली. गाडी सुटली तरी सोलणं संपलं नाही. समुद्राकडून परतताना पुन्हा आलं. तेव्हा तिने पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी हलल्यावर खाली ठेवली. शिंपी समोर बसून डबा उघडत होता, बंद करत होता. विचारलं मात्र नाही.

तिसऱ्यांदा तो घोरत होता. तिने खांदा हलवला.

"अहो, चला."

तो एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत उतरला. मागे गाडी निघून गेली. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून तो बुटाची नाडी बांधू लागला आणि ती पिशवी धरून उभी राहिली.

"अजून चार दिवस आहेत पासाचे," ती म्हणाली. "वाया गेले म्हणाल आता."

"वाया कसले? शिल्लक आहेत," शिंपी म्हणाला. "ताईने दार उघडलं नाही तर लागतील की."

बाहेर पडल्यावर रस्ता कुठल्या हाताला, हे ती विसरली नव्हती.

थोरलीने तो कोट लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत दोन्ही कडेने उसवून मोठा करून घेतला होता.