संत्र्यात उतरलेली साखर

हॉल खचाखच भरला होता. खाली फर्निचरचं दुकान, वर हा हॉल. एरवी इथे चपलांचे सेल लागतात. आज चपला दाराबाहेर होत्या आणि आत प्रत्येकाच्या हातात एकेक संत्रं होतं. घरून आणायला विसरलेल्यांसाठी जिन्यातच टोपली घेऊन एक माणूस बसला होता. तो स्टेजवरच्या सरांचा मेहुणा, पण तो निव्वळ योगायोग.

"सोला," स्टेजवरून आवाज आला. "आपलं संत्रं आपल्याच हातांनी सोला. शेजाऱ्याला देऊ नका, नाहीतर त्याची साखर तुमच्या अंगात शिरायची."

सगळे भराभर सोलायला लागले.

स्टेजवरच्या गृहस्थांना बाबा म्हटलेलं चालत नाही. बाबा दाढी वाढवतात, हे रोज गुळगुळीत करतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरला माइक, हातात साखर मोजायचं मशीन. भक्तमंडळी त्यांना 'उतारेसर' म्हणतात, कारण ते रक्तातली साखर उतरवून देतात. खरं आडनाव काय ते त्यांच्या आईवडिलांना ठाऊक.

पहिला मान एका निवृत्त बसड्रायव्हरना मिळाला. सरांनी त्यांना संत्र्याची फोड पाचही बोटांनी दाबायला लावली.

"रस आला ना? हा नुसता रस नाही. तुमची साखर बोटांच्या टोकांकडे धावत सुटलीये. तिला बाहेरची वाट दिसलीये. बघू." बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. "तीनशे बारा."

हॉल हळहळला. मग ड्रायव्हरसाहेबांनी 'शांतिजला'च्या घमेल्यात हात बुडवले, डोळे मिटून चांगले चोळले आणि टॉवेलला पुसले. (शांतिजलाची बादली एक स्वयंसेवक संडासाशेजारच्या नळावर भरत होता, ते मी येताना पाहिलं होतं.) दुसरं बोट, दुसरी सुई. एकशे चौतीस.

टाळ्या. सरांनी ती चेपलेली फोड ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोला खायला दिली. "कशी लागते, ताई?"

"गोड."

"कुणाची साखर ही?"

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर एवढ्या प्रेमानं बहुधा पहिल्यांदाच पाहत असाव्यात. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, नाना तऱ्हेची डोकी पाहिली. पण संत्रं गोड निघालं म्हणून माणसांनी भरलेला हॉल थक्क झालेला कधी पाहिला नव्हता.

आता तुम्ही विचाराल, एवढी शहाणी बाई तिथे काय करत होती. तर माझ्या उजवीकडे माझे चिरंजीव होते, डावीकडे माझी सून, आणि सुनेच्या पोटात नववा महिना.

सून बेकरीत केक सजवते. साखरेची गुलाबाची फुलं अशी करते की भुंगा फसावा. आठव्या महिन्यात पायांना सूज आली, बाळ जरा जास्तच भरतंय असं वाटलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गरोदरपणातला मधुमेह आहे. पोटात बाळाला पोसणारी वार जे स्राव सोडते, त्यांच्यापुढे आईचं इन्सुलिन तोकडं पडतं. यात कुणाचा दोष नसतो. बाळंतपणानंतर बहुधा जातो. पण तोवर साखर ताब्यात नाही ठेवली तर बाळ अंगानं फार मोठं होतं, सुटका अडते, आणि जन्मल्यावर बाळाची स्वतःची साखर एकदम खाली कोसळू शकते. आहारानं भागेना तेव्हा इन्सुलिन सुरू झालं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोष नसतो. बाकी सगळ्या जगानं सांगितलं की केक चाटला असशील. शेजारीण म्हणाली, विहीणबाई म्हणाल्या, बेकरीत पाव घ्यायला येणारा अनोळखी माणूसही म्हणाला. पोरीनं उभ्या जन्मात क्रीमचं बोट तोंडात घातलं नाही. तिला गोडाचा तिटकारा आहे. तरी ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, आणि सकाळी उठून बोट टोचायची. दिवसातून चारदा बोट, चारदा इन्सुलिनची सुई, मोजून पोळी, जेवण झालं की सुजल्या पायांनी गॅलरीत फेऱ्या. सुरुवातीला एकदा बेकरीतून तिचा रडवेला फोन आला होता, आकडा भलताच आलाय म्हणून. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन: "काही नाही आई, दवाखान्यातल्या नर्सताईंशी बोलले. माझाच वेंधळेपणा." मी फार खोलात शिरले नाही.

आणि चिरंजीव? ते लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. बायकोचे हाल त्यांना बघवत नव्हते, हे खरं. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे उतारेसर.

"आई, यात श्रद्धेचा प्रश्नच नाही. मी स्वतः दोनदा जाऊन बघितलंय. हा डेटा आहे. मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन नाही बोलत. मशीन धरणारा बोलतो."

"मग आपलं मशीन नेऊ. मग तर झालं?"

मला हेच हवं होतं. सरांच्या मशीनमध्येच काळंबेरं आहे, अशी माझी पक्की खात्री होती. म्हणून आमचं मशीन आणि आमच्या पट्ट्या पर्समध्ये घालून मी ऐटीत आले होते.

सुनेचा नंबर लागला. मी उठून म्हटलं, "सर, मशीन आमचं वापरायचं."

मला वाटलं, आता हे गडबडणार. कसलं काय. "आनंदानं, माताजी. सत्याला कुठलंही मशीन चालतं."

सुनेनं संत्रं सोललं, फोड दाबली, बोट पुढे केलं. आमचं मशीन, आमची पट्टी: दोनशे नव्वद. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग शांतिजल, टॉवेल, दुसरं बोट: एकशे अठरा.

टाळ्यांचा कडकडाट. चिरंजीव माझ्याकडे वळले. "आपलं मशीन, आई."

स्टेजवर काचेची एक मोठी बरणी होती. बऱ्या झालेल्यांनी त्यात आपली औषधं टाकायची. गोळ्यांच्या पट्ट्या, इन्सुलिनची पेनं, एका माणसाचा तर आख्खा डबा. "ताई, सुई आजपासून बंद," सर म्हणाले. "आईनं टोचून घेतलेली प्रत्येक सुई गर्भाला टोचते. टाका."

सुनेनं पर्समधून पेन काढलं. तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते बघून मला भडभडून आलं, आणि भीतीही वाटली. मी काय बोलणार होते? मशीन तर माझंच.

बरणीच्या तोंडाशी तिचा हात थांबला.

"सर, एक विचारू? पहिल्यांदा टोचायच्या आधी हात का नाही धुवायचे?"

"अहो ताई," सर प्रेमानं हसले, "आधीच धुतले तर साखर निघून जाईल ना."

"कुठली साखर?"

सरांचं हसू तिथेच राहिलं, पण डोळे हलले. सुनेनं पेन पर्समध्ये परत ठेवलं आणि नवऱ्याला वर बोलावलं. "हात धू. साबणानं, नळावर. आणि पुसून ये."

चिरंजीव हात धुऊन आले. तिनं त्यांच्या उजव्या हातात संत्र्याची फोड दिली. "दाब. डावा हात लावू नकोस." मग उजव्या हाताचं बोट टोचलं आणि आकडा माइकजवळ मोठ्यानं वाचला. "तीनशे चाळीस."

"बघा," सरांनी संधी साधली, "यांनाही मधुमेह आहे. वेळेवर आलात. पती-पत्नीची साखर एकमेकांना—"

"आता डावा." तिनं डावं बोट टोचलं. "शहाण्णव."

पुढच्या रांगेतल्यांनी आपापली चिकट बोटं उघडून पाहिली.

"म्हणजे सर, ह्यांच्या उजव्या हाताला मधुमेह आहे आणि डाव्याला नाही?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुनेनं माइकची वाट पाहिली नाही. "संत्र्याच्या रसात साखर असते. ती बोटाला चिकटते, रक्ताच्या थेंबात मिसळते, मशीन तीच मोजतं. हात धुतले की ती जाते. मी केकवर साखर भुरभुरवते. पहिल्याच आठवड्यात तशाच बोटानं तपासलं आणि असाच आकडा आला. नर्सताईंनी फोनवर एवढंच विचारलं, हात धुतलेस का."

"नकारात्मक लहरी," सर म्हणाले. "संशयी माणसाजवळ मशीन बिघडतं."

"मग तुमचं बोट द्या. तुम्ही तर संशयी नाही."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले. मीही मग गप्प बसले नाही. मी म्हटलं, "उतारेसर, ज्यांना साखर नाही त्यांना तुम्ही संत्र्यानं देता, आणि ज्यांना आहे त्यांची औषधं काढून घेता. दोन्हीकडून पुण्य."

सुनेला माझा टोमणा ऐकूच गेला नाही. ती त्या मशीनकडे बघत होती आणि आता रडत होती. "एकशे अठरा," ती म्हणाली. "तो आकडा सरांच्या पाण्यानं नाही आला. तो माझा आहे. गेला महिनाभर मी रोज टोचून घेतलंय, भूक मारलीये, चाललेय. आणि मी तो ह्यांच्या नावावर करून सुई बरणीत टाकणार होते."

चिरंजीवांनी तिला खुर्चीवर बसवलं. डेटाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सगळा हॉल एका क्षणात शहाणा झाला असं वाटत असेल तर तसं काही नाही. ड्रायव्हरसाहेबांनी बरणीत कोपरापर्यंत हात घालून आपल्या गोळ्या काढल्या. त्यांच्यामागे आणखी बरेच जण आले. पण तेवढेच जण संत्रं धरून रांगेतही उभे राहिले. जिन्यात एक बाई मला म्हणाल्या, "ते काही असो, माझी फोड खरंच फार गोड होती." मी त्यांना नमस्कार केला. मेहुणा टोपली घेऊन केव्हाच पसार झाला होता.

नात झाली, दिवस भरल्यावर, ठरलेल्या दवाखान्यात. जन्मल्या जन्मल्या तिच्या टाचेला सुई टोचून साखर बघायची होती, कारण आईला मधुमेह होता. नर्सताई सुई घेऊन आल्या तशी तिच्या बापानं त्यांची वाट अडवली. "टाच नीट पुसलीत ना? कोरडी आहे ना? तुमचे हात?"

"अहो, आम्ही दिवसभर हेच करतो," नर्सताई वैतागल्या.

टाच टोचली. पोरीनं भोकाड पसरलं. आकडा अगदी हवा तसा होता. माझ्या सुनेनं तो ऐकला आणि डोळे मिटून घेतले. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ती निवांत झोपली.

शिक्षिकेची खोड आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांच्या घरी अशी पोरगी असेल, त्यांनी आधी तिला दोष देणं थांबवावं. त्या दोषाला कंटाळूनच ती उतारेसरांच्या रांगेत जाऊन उभी राहते. तिच्याबरोबर फेऱ्या माराव्यात, तिच्या ताटातलं तेवढंच आपणही खावं, तिची सुई चुकू देऊ नये. आणि पुढच्या वेळी कुणी डोळ्यांदेखत चमत्कार करून दाखवला, तर मशीन बदलून बघा, माणूस बदलून बघा, हातसुद्धा बदलून बघा. पण त्याआधी, मी विसरले होते तसं विसरू नका: नळावर जा आणि हात धुवा.