काका माझ्यापाशी गप्प बसतात

पहिला हात काकांनी उगारला, हे आधीच सांगून ठेवते. नंतरचं सगळं माझं.

मी रत्ना. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कराडपासून अमेरिकेतल्या एडिसनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मायक्रोबायॉलॉजीची बीएस्सी करून इथे आले आणि नवऱ्याच्या व्हिसाला लटकून अकरा वर्षं पोळ्या लाटल्या, कारण मला कामाची परवानगीच नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा अडतीसची झाले होते. विनय म्हणाला, "आता जरा आराम कर." मी म्हटलं, "मग अकरा वर्षं काय केलं रे मी?"

मला नर्स व्हायचं होतं. डिग्री दुसऱ्या विषयातली असली तरी सोळा महिन्यांचा झटपट कोर्स करून नर्सिंगची मास्टर्स मिळते इथे. पण आत शिरणं म्हणजे दिव्यच. तीनशे अर्ज, चाळीस जागा. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मी कम्युनिटी कॉलेजात, विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून केली. त्याखेरीज पाचशे तास पेशंटची सेवा, वरिष्ठ नर्सचं शिफारसपत्र आणि एक निबंध, तुम्हाला नर्स का व्हायचंय यावर. शेवटची तारीख एक डिसेंबर. म्हणून मी नर्सएडचं, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचं, सर्टिफिकेट काढलं आणि ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून दहा मिनिटांवरच्या एका केअर होममध्ये, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मजल्यावर लागले. अंघोळी घालायच्या, डायपर बदलायचे, भरवायचं.

काम शिकवलं मार्लीनने. मूळची हैतीची, वय पंचावन्न, बावीस वर्षं याच मजल्यावर. "समोर कधी उभी राहू नकोस, रत्ना. बाजूला राहा. फटका समोरून येतो," हा तिचा पहिला धडा. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं चाटून खायची आणि माझी फ्लॅशकार्डं हातात धरून माझी परीक्षा घ्यायची. हाडांची नावं तिला उच्चारता यायची नाहीत, ती नुसती आपल्या अंगावर बोट ठेवायची. मी नाव सांगायचे. दोनशे सहाच्या दोनशे सहा हाडं मी तिच्या अंगावर पाठ केली.

शशिकांत काका सप्टेंबरात आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सहा फूट उंच, जन्मभर पूल बांधलेले इंजिनिअर. आजाराने त्यांचं इंग्लिश पुसून टाकलं होतं. उरली मराठी, आणि उरले हात. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी एका एडचा चष्मा तोंडावरच फोडला आणि व्यायाम घेणाऱ्या मुलीच्या दंडाला असे चावले की सात टाके पडले. असे तीन रिपोर्ट झाले की माणसाला लांबच्या कुलुपबंद वॉर्डात हलवतात. काकांचे दोन झाले होते. त्यांची मुलगी सावनी इथेच जन्मलेली, मराठी म्हणजे "बाबा, जेवलास?" एवढंच. माझे हात धरून रडली बिचारी. "रत्ना, यू स्पीक हिज लँग्वेज. प्लीज." मला काय, मूठभर मांस चढलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी काकांना अंघोळीला नेलं. दोन माणसांनी न्यायचं असा नियम होता, पण जोडीदारीण टॉवेल आणायला गेली होती. मी सदऱ्याची बटणं काढायला गेले आणि त्यांनी हातातला स्टीलचा पेला माझ्या कानशिलात हाणला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. सावरते तोवर त्यांनी माझा अंबाडा मुठीत धरला आणि डोकं भिंतीच्या टाइलांवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. "कोण गं तू भवाने? माझ्या घरात कशी घुसलीस?"

मी केस सोडवून घेतले आणि माझा हात उठला. फाडकन. मग पाठीत एक धपाटा, सगळा जीव लावून. काका मटकन स्टुलावर बसले. दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणाले, "बसतो, बसतो. गप्प बसतो."

मी रिपोर्ट लिहिला नाही. त्यांचा मारही लिहिला नाही आणि माझाही नाही. काकांचा तिसरा रिपोर्ट होईल म्हणून लिहिला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणखी पुष्कळ सांगितलं. आमच्याकडे पाठीत धपाटा खाल्ल्याशिवाय कोण मोठं झालंय? आई लाटण्याने बडवायची आणि त्याच हाताने घास भरवायची. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, मग धपाटा का नको? माझ्या पोरीला, आन्याला, मी आजवर बोट लावलेलं नाही. इथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात पोलिसांना बोलवायचा नंबर, नाइन-वन-वन, शिकवतात. काकांना नाइन-वन-वन येत नव्हतं, हे मात्र मी स्वतःला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकांची अंघोळ माझ्याकडेच आली आणि नुसता हात खांद्यापर्यंत उचलला की काका स्टुलावर बसायचे. आणि मी बोलायचे काय गोड! ओठांवर हसू, आवाजात लाडीगोडी, अंगाई म्हणावी तसं, "काका, जरा हाललात ना, तर अशी वाजवीन की तुमच्या पुलांसकट खाली याल." दारात आमची मुख्य नर्स जेनीन उभी असायची. एकदा तिने छातीवर हात ठेवला. "ओह रत्ना, इट्स लाइक अ ललबाय."

सहा आठवड्यांत, जोडीदारीण बाहेर गेली की, मी काकांना चार वेळा मारलं. खोटं कशाला बोलू, पाच.

आणि निबंधात काय लिहिलं? माझा पेशंट सगळ्यांशी हिंसक आहे, पण मी त्याच्या आईच्या भाषेत बोलते आणि तो शांत होतो. शुश्रूषा म्हणजे ऐकून घेणं. विनयच्या डोळ्यांत वाचताना पाणी आलं. जेनीनने शिफारसपत्रातही तेच लिहिलं, अठ्ठावीस तारखेला पाठवते म्हणाली. वर तिने काकांच्या फाइलीतला नियमही बदलला. सहा आठवडे एकही घटना नाही, तेव्हा अंघोळीला यापुढे एक माणूस पुरे. मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

वीस नोव्हेंबरला माझी फिजिऑलॉजीची शेवटची परीक्षा होती, म्हणून मी सुट्टी घेतली. काकांना अंघोळीला मार्लीनने नेलं. एकटीने.

तिने माझ्यासारखा हात उगारला नाही. तिला तसलं काही सुचलंच नसतं. काकांनी शॉवरची नळी उपटली आणि तिचं जड लोखंडी तोंड मार्लीनच्या चेहऱ्यावर मारलं. तिचं नाक फुटलं. दुसऱ्या फटक्यात समोरचे दोन दात गेले. तिसरा चुकवायला तिने फक्त हात आडवा धरला, त्यावर काका आपटले, ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. रक्ताचा ओघळ दाराबाहेर कॉरिडॉरपर्यंत आला होता म्हणे. मी त्या वेळी मूत्रपिंडावरचा प्रश्न सोडवत होते.

हॉस्पिटलात काकांचे कपडे उतरवले, तर पाठीवर जुने, पिवळे पडलेले बोटांचे ठसे. आता बोला. रिपोर्ट एकही नाही, फाइलीत म्हातारा गरीब गाय, पाठीवर वळ आणि शेवटी मोडलेलं हाड. राज्य सरकारची चौकशी लागली. मार्लीनला त्याच दिवशी घरी बसवलं. पेशंटला मारल्याचा शिक्का नर्सएडच्या नोंदवहीवर एकदा बसला की संपलं, पुन्हा आयुष्यात कुणाच्या अंगाला हात लावता येत नाही. नर्सिंगचं दार तर कायमचंच बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर घरी बसून निबंधातले स्वल्पविराम तपासत होता.

पाचव्या दिवशी मार्लीनचाच फोन आला. नाकात कापूस, तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते. "रत्ना, फोनवरच्या दुभाष्याशी तो बोलत नाही. तुझ्याशी बोलतो. मी चौकशीवाल्यांना तुझं नाव दिलंय. तू विचार त्याला. तो सांगेल, मी नव्हते."

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. गाडीत मी सगळं ठरवून ठेवलं होतं. त्या खोलीत मराठी येणारी मी एकटी असणार. काका काहीही म्हणोत, मी सांगणार, "ते म्हणतायत की मला कुणी मारलं नाही, मीच पडलो." मार्लीन सुटेल, मीही सुटेन, अर्ज एक तारखेला जाईल आणि घोडं गंगेत न्हाईल. कुणाचं काय बिघडणार होतं?

खोलीत चौकशी अधिकारी होत्या, वही घेऊन. जेनीन होती. सावनीला बाहेर बसवलं होतं. काका पलंगावर टेकून बसले होते, गालांची हाडं वर आलेली, हाताला सलाइन. मी पलंगाच्या पायथ्याशी गेले. बरोबर समोर.

अधिकारी म्हणाल्या, "त्यांना विचारा, तुम्हाला कोणी मारलं?"

"काका," मी म्हटलं. माझा तोच गोड आवाज, दुसरा निघेचना. "तुम्हाला कोणी मारलं?" आणि कपाळावर आलेली बट मागे सारायला मी हात वर केला.

काकांचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले. सलाइनची सुई उपटली, रक्ताची चिळकांडी पांढऱ्या चादरीवर उडाली. मोडलेल्या हाडावर ते अंग चोरून घ्यायला बघत होते आणि कळवळत होते. "बसतो, बसतो. मारू नका, बाई. गप्प बसतो मी." पूल बांधलेला माणूस मला अहो-जाहो करत होता. चादरीवर ओल पसरत गेली.

"काय म्हणाले ते?" अधिकारी बाईंनी विचारलं. जेनीन माझ्याकडे बघत होती, अंगाई ऐकताना बघायची तशीच.

वाक्य जिभेवर तयार होतं, मीच पडलो. मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला नाही, ना काकांचा, ना नशिबाचा. नुसती लाज वाटली.

"ते म्हणतात, मारू नका, मी गप्प बसतो."

"हे ते कोणाला म्हणतायत?"

"मला," मी म्हटलं. "पाठीवरचे ठसे माझे आहेत. मार्लीनने त्यांना कधी हात लावला नाही."

जेनीनचा चेहरा बघवेना. ती एवढंच म्हणाली, "पत्र जाणार नाही, रत्ना. प्लीज लीव्ह." मी दारापर्यंत गेले आणि मागे पाहिलं. धावत आलेली नर्स काकांच्या हातावर कापूस दाबत होती आणि त्यांचा दुसरा हात अजून डोक्यावरच होता. बाहेर बाकावरून सावनी उठली. "वॉट डिड बाबा से?" मी तिलाही सांगितलं. ती पर्स घेऊन माझ्या अंगावर धावून आली आणि तिने मला दोनदा तोंडावर मारलं. मी हात आडवा धरला नाही.

गाडीत बसले तोच मार्लीनचा फोन. "बोलला का तो? काय म्हणाला?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या मंगळवारपासून, धपाट्यांसकट, बदललेल्या नियमासकट. पलीकडे तिचा तोंडाने घेतलेला श्वास ऐकू येत होता. नाकाने तिला घेता येत नव्हता.

मग ती म्हणाली, "तुला सगळी हाडं पाठ आहेत ना, रत्ना? माझ्या नाकातलं कोणतं मोडलं, नाव सांग."

मला नाव येत होतं. ते कार्ड तिनेच मला दाखवलं होतं, नाकावर बोट ठेवून, लोणचं खाता खाता. ती फोन धरून वाट बघत राहिली आणि मला ते सांगता आलं नाही.