खोड न बघता मारलेला शेरा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. अक्काताईंच्या वावरात तुम्ही पाच मिनिटं उभे राहिलात. बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधावरूनच हात लांब करून माझं एक पान तोडलंत आणि शेरा मारलात, 'फवारणीच्या चुकीमुळे पीक करपले.' चूक कुणाची, तेही लिहून टाकलंत. लालासाब. माणसाचं नाव लिहायला तुम्हाला वेळ होता, झाडाचं खोड बघायला नव्हता.

मित्रांनो, मी टोमॅटोचं एक जुनं झाड आहे. वय तीन महिने. हसू नका. आमचं बाळपण, लेकुरवाळेपण आणि म्हातारपण एवढ्यातच उरकतं.

पंचगंगेच्या काठावरच्या एका रोपवाटिकेत, काळ्या ट्रेमध्ये, नारळाच्या भुशात मी उगवलो. बी याच साहेबांच्या शेतकी ऑफिसातून वाटलेलं. त्याचं कौतुक फार होतं. साल जाड, गोव्यापर्यंत टेम्पोत हादरे खाल्ले तरी फळ फुटायचं नाही. गावातल्या सगळ्यांनी तेच लावलं. अक्काताईंनीही लावलं. त्या जैन घरातल्या, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या होणाऱ्या, आणि त्याआधी पोरासारखं आमच्याकडं बघणाऱ्या. बांबू रोवले, तार ओढली, सुतळीनं मला बांधलं.

पण त्यांचं आयुष्य उसात गेलेलं. ऊस करणाऱ्याला पीक दिसलं की मातीची भर लावल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी ती आम्हालाही लावली, पार गळ्यापर्यंत. "वाऱ्यानं पडाय नको," म्हणाल्या. माया होती ती. त्याच मायेखाली माझं खोड झाकून गेलं.

खुरप्याचा एक ओरखडा होता, तिथून बुरशी आत शिरली. ती पानावर आलीच नाही. खोडात बसून तिनं विष सोडलं. आमच्यात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात, त्यातून ते विष पानापर्यंत गेलं. म्हणून पानावर बुरशी सापडत नाही आणि पान मात्र मरतं.

कसं मरतं, ते नीट ऐका. बुरशी पान खाऊन मारत नाही. आमच्या प्रत्येक पेशीत स्वतःच्या मरणाचा हुकूम जन्मापासून ठेवलेला असतो. तो वाईट नाही. पाण्याच्या त्या नळ्यासुद्धा वेळेवर मेलेल्या पेशींच्याच बनतात. त्या मेल्या म्हणून बाकीच्यांना पाणी मिळतं. विष एवढंच करतं की तो हुकूम अवेळी सोडायला लावतं. पेशीत एक स्निग्ध पदार्थ तयार होत असतो. विषाचं रूप त्याच्या कच्च्या मालासारखं. ते मध्येच जाऊन बसतं, काम अडतं, अर्धवट माल साचतो. पेशी समजते, आता संपलं. मग ती आपल्या गाभ्यातले धागे स्वतःच तोडते आणि शिस्तीत मरते. मेलेल्यावर बुरशी जगते. मी प्रतिकार केला नाही. मी हुकूम पाळला.

सोमवारी लालासाबनं पानं पोखरणाऱ्या नागअळीचं औषध मारलं. बुधवारी माझी पानं शिरांच्या मधे काळी पडली. झालं, गावानं औषधाची आणि करप्याची जोडी लावली.

लालासाब तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस. औषध मोजताना कुणाशी बोलत नाही.

"लालासाब, टोपणभर टाकायचं ते डबाभर टाकलं काय वो?" अक्काताईंनी विचारलं.

"तुमीबी असं म्हणताय व्हय, अक्काताई? मग ते उकिरड्यावरलं बघा की."

उकिरड्याशेजारी आपसूक उगवलेलं एक गावठी टोमॅटोचं झाड होतं. कीड तिथं दडते म्हणून त्यानं त्याच टाकीतलं औषध त्यावरही मारलेलं. ते हिरवंगार होतं. मित्रांनो, बुरशी त्याच्याही खोडात शिरली होती, पण त्याच्या रक्तात एक गुण आहे, विष आलं तरी त्याच्या पेशीचं काम अडत नाही. जाड साल निवडणाऱ्यांनी माझ्यात तो गुण आहे का, हे बघितलंच नव्हतं.

साहेब आले तेव्हा लालासाबनं तेच दाखवलं. साहेब म्हणाले, "ते गावठी आहे. त्याला काही होत नाही."

"मग गावठी झाडाला औषध पचतंय आणि तुमच्या बियाण्याला न्हाय? असं कुठलं औषध असतंय, पावणं?"

"तुम्ही शिकलेले आहात का?"

"न्हाय. म्हणून तर इचारतोय."

साहेबांनी पान पिशवीत घातलं आणि गाडीत बसले.

शेरा गावात पोचला. ज्या घरांतून लालासाबला हाक यायची तिथली दारं गप्प झाली. शेजारच्या रानातल्या सयाजीनं तर भर चौकात सांगितलं, "आमच्या रानात पाय टाकू नको, बाबा. पीक भाजून घ्यायचं न्हाय." लालासाब घरी गेला. पंप धुऊन उलटा टांगला आणि बायकोला, लालबीला म्हणाला, "कबनूरला मेव्हण्याकडं कापडाच्या लूमवर जातो."

लालबी म्हणाली, "जा की. म्हंजे गाव म्हणंल, खरंच जाळलं, म्हणून पळाला."

चौथ्या दिवशी अक्काताई मला उपटायला आल्या. हातानं माती बाजूला केली. खोडावर काळी वेटोळी होती, एकात एक, झाडाच्या गळ्याला आवळल्यासारखी. शेजारचं झाड उकरलं. तिथंही तेच. दहावं उकरलं. मग त्यांनी बांधावरूनच आरोळी मारली, "लालबीऽ! तुझ्या दादल्याला एष्टीत बसू देऊ नको!"

लालासाब आला. बघितलं.

"माझीच भर," अक्काताई म्हणाल्या. "मीच झाकलं. तुमच्यावर संशय घेतला, चुकलं माझं."

"तुमी चुकलं म्हणालासा," लालासाब म्हणाला, "पण कागद म्हणत न्हाय."

आता मी साहेबांच्या टेबलावर पडलोय, मुळासकट. अक्काताईंनी माझ्या शेजारी उकिरड्यावरच्या झाडाचीही एक फांदी ठेवलीय. शिपाई म्हणतो, साहेब मीटिंगला आहेत. दोघं बाकावर बसलेत. लालासाबची कबनूरची पिशवी पायाशी आहे, शेरा बदलला नाही तर तो इथूनच एष्टी धरणार.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं झाड करपलं, तर दोषी शोधण्याआधी त्याच्या बुंध्याची माती बाजूला करा. आणि उकिरड्यावर आपसूक उगवलेलं झाड उपटू नका. त्याच्यात काय शिल्लक आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.

साहेब, मी वाळत चाललोय, माझ्याकडं दोन दिवस आहेत. लालासाबकडं संध्याकाळच्या एष्टीपर्यंतच वेळ आहे. गावाला वाटण्याआधी हे बियाणं या विषापुढं कुणी तपासलं होतं? नसेल तपासलं, तर त्या शेऱ्यात कुणाचं नाव हवं होतं? मीटिंग सोडून बाहेर या आणि लालासाबच्या तोंडावर सांगा.