जितके डुए, तितकं खाली

मित्रांनो, मासळीचा वास येणारा संगणक तुम्ही कधी पाहिला नसेल. मी तसाच एक जुना संगणक आहे. कुमासी शहरातल्या बान्तामा वस्तीत कोनाडू आंटीचं गोठवलेल्या मासळीचं दुकान आहे. तिथे मोठ्या फ्रीजरच्या मागे, भिंतीला पाठ लावून मी बसलेला असतो. सध्या माझ्या डोक्यावर मासळीचं रिकामं खोकं ठेवलेलं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं एका थंड देशातल्या विमा कचेरीत गेली. तिथे नवे संगणक आले आणि मला टाकाऊ मालात काढलं. माझ्यासारख्याच अनेक म्हाताऱ्यांबरोबर मी जहाजातून टेमा बंदरात उतरलो. मोडीतच गेलो असतो, पण न्यार्को नावाच्या दुरुस्तीवाल्याने मला ढिगातून उचललं, दाढीच्या ब्रशने माझ्या पोटातली धूळ झाडली आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, अजून दम आहे तुझ्यात."

न्यार्कोने माझ्यात आबोन्तेन बसवलं. आबोन्तेन म्हणजे घराबाहेरची मोकळी जागा. हे आबोन्तेन फोनवरचं होतं. लोक तिथे गप्पा मारत, फोटो टाकत, माल विकत आणि मनसोक्त भांडत. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. गावोगावी विखुरलेले माझ्यासारखे संगणक मिळून ते सांभाळत. येणाऱ्या प्रत्येकाला सारख्या कवड्या मिळत. खऱ्या नव्हेत, आकड्यांतल्या. अंगणाचे नियम ठरवताना ज्याच्या कवड्या जास्त, त्याचं मत जड. "मालक नाही, मुकादम नाही," न्यार्को ज्याला त्याला छाती फुगवून सांगायचा.

लाईट सारखी जायची. कोनाडूच्या दुकानात जनरेटर होता, म्हणून न्यार्को मला तिथे घेऊन आला.

"ठेव," कोनाडू म्हणाली. "पण हा खायला काय मागतो ते आधी सांग. माझे मासे मोजके आहेत."

माझं काम सोपं होतं. कुणी काही लिहिलं की ते जपायचं, आणि कुणाचं वर दिसेल, कुणाचं खाली, तो क्रम लावायचा. नुकता बोललेला सगळ्यांत वर, एवढाच नियम. आजूबाजूच्या बायका मला मुद्दाम पाहायला येत. कोनाडूने माझ्यावर जाळीचा रुमाल घातला होता. मला त्या रुमालाचा फार अभिमान वाटायचा.

कोनाडूची आई बिरागो दिवसभर दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेली असे. धाकटी मुलगी पोकुआ तिच्या मनाविरुद्ध एका फरशीवाल्याबरोबर दूर परदेशात, लिब्रेव्हिलला निघून गेली होती. तेव्हा बिरागो रागाच्या भरात बोलून गेली, "माझ्या मयतालाही येऊ नकोस." पोकुआने फोनचा नंबर बदलला. घरी कुणाला तो ठाऊक नव्हता. पण कोनाडू दर रविवारी आबोन्तेनवर आईचा फोटो टाकायची, आणि थोड्या वेळाने लिब्रेव्हिलहून एक फूल यायचं. शब्द नाही, नुसतं फूल.

"आलं का?" बिरागो विचारायची.

"आलं."

"मग ठीक आहे," असं म्हणून ती दुसरीकडे बघायची. मित्रांनो, ते फूल या भिंतीआडून त्या भिंतीआड पोचवताना मला धन्य वाटायचं.

मग कवड्यांना गिऱ्हाईक आलं. कुणी शाळेच्या फीसाठी विकल्या, कुणी नव्या फोनसाठी. घेणारे कोण, कुठले, कुणालाच माहीत नव्हतं. त्याच सुमाराला भाडोत्री खाती एकच ओळ हजारदा लिहून अंगण भरून टाकू लागली. त्यावर बड्या कवडीवाल्यांनी एक नियम मांडला. एखाद्या पोस्टखाली पुष्कळ जण एकच शब्द लिहीत असतील तर ती खोटी समजावी आणि खाली ढकलावी. जितकी पुनरावृत्ती, तितकं खाली. ज्याने ती पोस्ट लिहिली, त्याचं पुढचं-मागचं सगळंच दूरच्या माणसांना दिसेनासं करावं.

न्यार्को धावत आला. "आंटी, मत दे. हा नियम बरा नाही."

"मी मासे विकू की मत देऊ? आणि कवड्या राहिल्यात कुठे? त्या गेल्या या फ्रीजरमध्ये." कोनाडूने फ्रीजरवर थाप मारली. गिऱ्हाईकं हसली. नियम मंजूर झाला आणि माझ्यात उतरला.

पुढे पावसाळा संपता संपता बिरागो गेली.

कोनाडूने बातमी आबोन्तेनवर टाकली. आईचा लाल किनारीचा फोटो, आणि खाली एवढंच, "पोकुआ, आई गेली. तू आल्याशिवाय आम्ही तिला नेणार नाही."

आता आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की माणूस ‘तुमच्या दुःखात आम्हीही आहोत’ अशा अर्थाचा एकच शब्द बोलतो. डुए. शहाणा असो, अडाणी असो, शेजारी असो की वैरी. तिथे वेगळा शब्द शोधणं म्हणजे शहाणपणा मिरवणं. दुःखात सगळ्यांनी एकसारखं बोलायचं, हीच आमची रीत. मासळीबाजारातल्या बायकांनी लिहिलं, डुए. चर्चमधल्यांनी लिहिलं, डुए. ट्रोट्रो मिनीबसच्या ड्रायव्हरांनी लिहिलं, डुए. आणि मी नियमाप्रमाणे मोजत गेलो आणि बिरागोला खाली ढकलत गेलो.

"आईची बातमी दिसेनाशी का झाली?" कोनाडूने विचारलं.

शेजारणीला वाटलं, लोक कमी पडले. ती बाजारभर फिरली. "अगं लिहा गं, डुए लिहा. बातमी वर आली पाहिजे, पोरीला दिसली पाहिजे." बिचाऱ्या बायकांनी फ्रीजरवर कोपर टेकून, मासळीचे हात पदराला पुसून, पुन्हा पुन्हा डुए लिहिलं. त्यांच्या मायेने ती बातमी तळाला गेली. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो, बायांनो, थांबा. पण मला फक्त क्रम लावता येतो.

न्यार्कोच्या लक्षात आलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. त्याने नियम बदलायचा ठराव मांडला. सगळ्या बान्तामाने हात वर केले. पण हातांना किंमत नव्हती, कवड्यांना होती, आणि बान्तामाच्या कवड्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या.

बिरागोला शवागारातून न्यायची तारीख कोनाडूने दोनदा पुढे ढकलून घेतली. शेवटी घराण्याचे प्रमुख म्हणाले, "पोरी, किती थांबवशील तिला?" शनिवारी दुखवट्याची काळी-तांबडी वस्त्रं नेसून सगळे तिला पोचवायला गेले. आईसाठी लेकींनी द्यायच्या वस्त्रांत एकीची जागा मोकळी राहिली. "आईनेच नको म्हटलं होतं ना," लोक कुजबुजले. बातमी खाली जाण्याआधी पोकुआने पाहिलीच असेल, असं वाटून कोनाडूनेही तेच मनाशी धरलं. तिने पोकुआचं नाव घेणंच टाकलं. माझ्यावरचा रुमाल तिने काढला आणि फ्रीजर पुसायला घेतला.

आणि नाताळच्या तोंडावर पोकुआ आली.

तिच्या हातात नव्या कापडाची घडी होती. दुकानाच्या भिंतीवर बिरागोच्या मयताचा कागद अजून चिकटलेला होता, उन्हाने विटलेला. ती तिथेच उभी राहिली. कोनाडू आतून बाहेर आली.

"आता आलीस?"

"सिस्टा, हे केव्हा झालं? मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं नाही? अख्ख्या बाजाराने सांगितलं. तूच तोंड फिरवलंस."

"मी रोज बघत होते गं. तुझे फोटोच यायचे बंद झाले. मला वाटलं, आईनेच सांगितलं असेल, बंद कर म्हणून. म्हणून हे कापड घेऊन पाया पडायला आले."

कोनाडूने धाकटीला हाताला धरून फ्रीजरमागे आणलं, खोकं बाजूला केलं आणि माझ्या तळातून ती बातमी शोधून काढली. पोकुआ वाचत राहिली. डुए, डुए, डुए. नाव वेगळं, शब्द तोच. वाचता वाचता ती कापडात तोंड खुपसून रडली.

मग तिने फोन काढला.

"नको लिहूस," कोनाडू म्हणाली. "आणखी खाली जाईल. न्यार्को सांगत होता."

"जाऊ दे. माझी आई गेली आहे. मी दुसरं काय म्हणू?"

तिने लिहिलं, डुए. मी ते मोजलं आणि बातमी आणखी एक पायरी खाली ढकलली. आजवर मला याहून वाईट काही करावं लागलं नाही.

मित्रांनो, तुमच्या फोनमध्येही माझा कुणी भाऊबंद क्रम लावत बसलेला असेल. त्याला मालक नाही असं कुणी म्हणालं, तर त्याचे नियम कोण लिहितं तेवढं विचारा, आणि तुमच्या वाट्याच्या कवड्या फुंकून टाकू नका. आणि कुणाचं रविवारचं फूल यायचं थांबलं, तर माझ्या भरवशावर बसून राहू नका. लगेच निघा आणि जाऊन दार वाजवा.