दहाव्याचा आवाज

अजिनाथच्या पायाला भिंगरी होती आणि हाताला त्याहून मोठी. सोनईत त्याचा फोटो स्टुडिओ. लग्न, वाढदिवस, सेवापूर्ती, काहीही असो, घरच्यांकडून फोटो घ्यायचे, लॅपटॉपवर त्यांचा स्लाइड शो करायचा आणि मोठ्या पडद्यावर दाखवायचा, हा त्याचा धंदा. पण फोटो आला आणि गेला एवढ्यावर या गड्याचं समाधान होईल तर शपथ. त्याच्या पडद्यावर एकही माणूस कधी सरळ चालत आला नाही. कुणी गिरक्या घेत यायचं, कुणी चेंडूसारखं टप्पे खात, आणि प्रत्येकाच्या मागे आवाज. सूंऽऽ, धाड, नाहीतर टाळ्यांचा कडकडाट. एकदा एका नवरदेवाची आजी गरगर फिरत पडद्याबाहेर निघून गेली, तेव्हा खरी आजी मांडवातून उठून विचारायला आली, "आरं, मी गेले कुठं?"

तर अशा माणसाचा सासरा वारला. पुंजाराम त्याचं नाव, देवळाली प्रवरेजवळच्या वस्तीवर राहायचा. दहावा नदीच्या घाटावर होता. हल्ली दहाव्यालाही पडदा लागतो. एका बाजूला पिंड, दुसऱ्या बाजूला प्रवचनाचा मांडव आणि मांडवात गेलेल्या माणसाचे फोटो. घरात जावई असताना बाहेरचा कशाला, म्हणून काम अजिनाथकडं आलं. मेहुणा कल्याण एवढंच म्हणाला होता, "दाजी, साधंच करा." अजिनाथनं मान डोलावली. पण साधं करायला बसला की त्याच्या अंगाला मुंग्या यायच्या. सासऱ्यानं आयुष्यभर आपल्याला जरा हलकंच धरलं, हे त्याला माहीत होतं. निदान त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांनी तरी म्हणावं, जावयानं काम केलं बरं का. म्हणून त्यानं पहिल्याच फोटोला विजेचा गडगडाट लावला. काळोखातून फेटा बांधलेला पुंजाराम पुढं येणार आणि आभाळ फाटणार.

घाटावर गेल्या गेल्या त्यानं दोन मोठे स्पीकर उभे केले. भटजी पिंडाची मांडामांड करत होते, न्हावी वस्तरा पुसत होता, बायका सतरंजीवर बसल्या होत्या. एकदा आवाज तपासून घ्यावा म्हणून अजिनाथनं बटण दाबलं. आवाज कमी करून दाबावं एवढी अक्कल देवानं त्याला दिली होती, पण ती नेहमी बटण दाबल्यावर यायची. असा कडकडाट झाला की न्हाव्याच्या हातातली वाटी पडली. भटजी ओरडले, "अहो, हळू!" आणि पुन्हा कामाला लागले. कुणी वर बघितल्याचं दिसलं नाही. अजिनाथनं बघितलं. घाटावरच्या उंबरावर बसलेले झाडून सगळे कावळे उठले आणि नदीपल्याडच्या उसावरून लांब गेले. उंबर मोकळा झाला.

येतील परत, त्यानं स्वतःला सांगितलं.

पिंड ठेवले. सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा राहिली नाही असं समजायचं आणि सुटल्यासारखं घरी जायचं. एरवी कावळे पिंडाची वाटच बघत असतात. आज आभाळात टिटवीसुद्धा नव्हती. ऊन चढलं. अजिनाथ एकदा उंबराकडं बघे, एकदा उसाकडं, एकदा चपलेच्या अंगठ्याकडं. बायको सुरेखा त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "एका जागी उभं ऱ्हावा ना. लोकं बघतेत."

"काहीतरी राहिलंय म्हाताऱ्याचं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मग रिवाजाप्रमाणं एकेक जण पुढं व्हायला लागला. कल्याण हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला अंतर देनार न्हाई." कावळा नाही. "बहिनीला दिवाळीला न्यायला मी सोता जाईन." नाही. कल्याणनं घाम पुसला. त्याची नजर चुलत्याकडं, रामहरीकडं गेली. पुंजाराम आणि रामहरी सख्खे भाऊ, पण बांधावरून आणि पाइपलाइनवरून बोलणं तुटलेलं. मयतालासुद्धा रामहरी लांब बाभळीखाली उभा होता. आता लोकांच्या नजरांनी त्याला पुढं ढकललं. "दादा," त्याचा आवाज चिरकला, "पाइपलाइन जाऊ दे माझ्या रानातनं. बांधाचं बी मिटलं. आता तरी शिवू दे." कल्याण त्याच्या पायाशी वाकला, रामहरीनं त्याला उचलून पोटाशी धरलं. बायका रडल्या. अजिनाथच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं चटकन मान फिरवली. कारण कावळा का येत नाही ते आपल्या एकट्यालाच ठाऊक. आता सांगावं तर हा जुळलेला सांधा पुन्हा निखळायचा. न सांगावं तर ही सगळी माणसं अपराध्यासारखी उन्हात उभी.

तेवढ्यात सासू उठली. छबूबाई तशी बोलकी बाई नव्हती. ती पिंडासमोर बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझंच हाय ते. शेवटच्या दिशी चहा मागितला हुता. म्हनले, साखर टाक दोन चमचे. मी म्हनलं शुगर वाढंल, आन् बिनसाखरेचा पुढं ठिवला. त्येंनी कप सरकवला आन् भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यातच ऱ्हायलाय जीव."

कुणीतरी पळत जाऊन हॉटेलातून गोड चहा आणला. पिंडाजवळ कप ठेवला. सगळ्यांच्या नजरा उंबराकडं. चहावर साय धरली, माशा बसल्या. छबूबाई त्या कपाकडं एकटक बघत राहिली.

अजिनाथला आता उभं राहवेना. चुकलं आपलं आणि जळतंय दुसऱ्याचं काळीज. तो दोनदा पुढं गेला, दोनदा मागं आला. तिसऱ्यांदा गेला तर भटजींनीच हात वर केला. बराच उशीर झाला होता. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. माणसं सुस्कारे टाकत मांडवाकडं निघाली. प्रवचनाआधी स्लाइड शो होता. कल्याण जाता जाता म्हणाला, "दाजी, लावा आता." त्याचा एक हात अजून चुलत्याच्या खांद्यावर होता.

छबूबाई मात्र कपासमोर तशीच होती. अजिनाथ तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"मामी," तो म्हणाला, "तुमचा काही दोष नाही. मामांचंही काही राहिलं नव्हतं. मीच सकाळी स्पीकर तपासला, त्या दणक्यानं कावळे पळाले. माझ्यामुळं झालं सगळं. मला वाटेल ते बोला, पण जिवाला लावून घेऊ नका."

सांगून टाकलं तसं त्याला हलकं वाटलं. आता ती चिडेल, शिव्या देईल, पण निदान त्या चहातून सुटेल.

छबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला काय दिसलं न्हाई व्हय, जावईबापू? मी तितंच बसले हुते. सगळे उडाले ते बघितलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"कल्यान आन् भावजी बोलावंत म्हनून गप बसले. कावळा लगीच आला असता तर बोलले असते व्हय ते? ह्येंना हयातीत जमलं न्हाई ते." तिनं मांडवाकडं बघितलं. चुलता-पुतणे एका खाटेवर बसले होते.

अजिनाथ थक्क झाला. म्हातारीनं सगळ्या भावकीला उन्हात उभं करून तडजोड घडवली होती, आणि आपण मात्र मघापासून एकटेच मेल्याहून मेले झालो होतो. त्याला हसूही आलं थोडं.

"म्हणजे ते चहाचं तुम्ही उगाच..."

"उगाच?" ती म्हणाली. तिचे डोळे पुन्हा भरून आले. "कावळ्याचं काय घिऊन बसलात? आला काय न् न्हाई काय. त्येंनी साखर मागितली, आन् मी दिली न्हाई. ह्ये तर खरंच हाय ना. तुमी कावळे उडवले, पर ह्ये कोन उडवनार?"

मांडवातून कल्याणची हाक आली, मग सुरेखाची. पडदा पांढरा होता, माणसं खोळंबली होती, बोटांना सवयीनं बटण हवं होतं.

"जावा," छबूबाई म्हणाली. "मानसं थांबलीत."

तो उठला नाही. मांडी घातली आणि तिच्या शेजारी खाली बसला.